लेखकच जेव्हा गुप्तहेर होतो

रहस्यकथेचे वेड आपल्या खेड्यापाड्यांतही काही कमी नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचनालयाच्या बाकावर, एस.टी.ची वाट पाहताना, आणि खरे सांगायचे तर वर्गात भूगोलाच्या पुस्तकाआडही वाचले गेले आहेत. या कथांतला नायक लेखकाने कल्पनेतून घडविलेला असतो. परंतु इंग्रजीत रहस्यकथेची एक निराळी शाखा गेल्या शतकात वाढीस लागली. तीत गुन्ह्याचा छडा लावणारा माणूस कल्पित नसतो. तो खरोखर होऊन गेलेला एखादा नामांकित ग्रंथकार असतो. काळ जुना, माणूस खरा, गुन्हा मात्र बहुधा रचलेला.

लिलियन द ला टोर या अमेरिकन लेखिकेने 1946 साली अशा कथांचा एक संग्रह काढला. त्यात गुप्तहेराचे काम दिले डॉक्टर जॉन्सन यांना. जॉन्सन म्हणजे 1755 साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश सिद्ध करणारे पंडित. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल त्यांचे बोलणे टिपून ठेवीत असत, हे तर इतिहासातच आहे. तेव्हा गुप्तहेर आणि त्याची हकिकत सांगणारा सोबती अशी जोडी लेखिकेला आयतीच मिळाली! पुढे 1996 पासून स्टेफनी बॅरन यांनी जेन ऑस्टिन या कादंबरीकर्तीला गुन्ह्यांच्या तपासाला लावले. जेनच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणीने तिची पुष्कळशी पत्रे जाळून टाकली होती. त्यामुळे जेनच्या आयुष्यात ठिकठिकाणी कोऱ्या जागा आहेत. बॅरनबाईंनी नेमक्या त्या जागांत आपल्या कथा बसविल्या, आणि जेनची हरवलेली टिपणे सापडली आहेत असा बहाणा केला.

कोरी जागा म्हणजे काय, हे आपल्या मलकापूर-विशाळगडाच्या टापूतल्या माणसाला फार समजावून सांगावे लागणार नाही. 1660 च्या जुलैत शिवाजीमहाराज पन्हाळ्याहून निसटून विशाळगडी पोचले आणि बाजीप्रभू घोडखिंडीत पडले, हा इतिहास. पण त्या रात्री पावसात, चिखल तुडवीत जाताना मावळे आपसात काय बोलले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. तिथे कादंबरीकाराला शिरायला वाट आहे. मात्र त्याने महाराजांना विशाळगडाऐवजी दुसऱ्याच गडावर नेले, तर आपण पुस्तक मिटून ठेवू. माझ्या मते या साऱ्या प्रकारच्या लेखनाचा कस इथेच लागतो. मोठ्या माणसाचे नाव उसने घेतले की त्याच्या कागदपत्रांशी इमान राखावे लागते.

असे का, हे पटविणारी एक हकिकत सांगतो. ती कल्पित नाही, आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो.

शापूरजी एदलजी हे मुंबईचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ते इंग्लंडात गेले आणि स्टॅफर्डशायर परगण्यात ग्रेट वर्ली या गावी चर्चचे पाद्री झाले. पत्नी इंग्रज. त्यांचा मुलगा जॉर्ज शिकून वकील झाला; रेल्वेच्या प्रवाशांसाठी कायद्याचे एक छोटे पुस्तकही त्याने 1901 साली लिहिले. पण गावात या घराला निनावी पत्रांचा उपद्रव फार. रंग वेगळा, नाव परके आणि वर पाद्रीपण, हे पुष्कळांच्या डोळ्यांत खुपत असावे.

1903 साली त्या गावाच्या परिसरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. रात्री कोणीतरी रानात चरणाऱ्या घोड्यांची, गाईगुरांची पोटे फाडू लागले. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला ही भीती कळेल. निनावी पत्रांतून जॉर्जचे नाव पुढे आले. ऑगस्टमध्ये खाणीतले एक तट्टू असेच जखमी झाले, आणि पोलिसांनी जॉर्जला पकडले. त्याच्या कोटावर घोड्याचे केस सापडले, असे म्हटले गेले. पण तो कोट आणि तट्टाच्या कातडीचा तुकडा एकाच वेळी तपासणीला पाठविलेला होता! जॉर्ज रात्री वडिलांच्याच खोलीत, आतून कडी घातलेल्या दाराआड झोपत असे; स्वतः पाद्र्याने तशी साक्ष दिली. ती मानली गेली नाही. पत्रांचे अक्षर जॉर्जचेच, असा निर्वाळा एका हस्ताक्षरतज्ज्ञाने दिला. हाच तज्ज्ञ आधी दुसऱ्या एका खटल्यात साफ चुकला होता, हे पुढे उघडकीस आले. सात वर्षांची सक्तमजुरी झाली. जॉर्ज तुरुंगात असतानाही गावात जनावरांवर घाव पडलेच. सुटकेसाठी हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षांनी, 1906 साली, कसलेही कारण न देता त्याला सोडून दिले. पण निर्दोष ठरविले नाही, म्हणून वकिलीची सनद गेली ती गेलीच.

तेव्हा जॉर्जने आर्थर कॉनन डॉइल यांना पत्र धाडले. शेरलॉक होम्सचे जनक ते हेच. भालबा केळकरांनी होम्सला मराठीत आणले, त्यामुळे हे नाव आपल्याकडेही परके नाही. डॉइल मुळात डॉक्टर, आणि डोळ्यांच्या विकारांचा त्यांनी खास अभ्यास केलेला. 1907 च्या आरंभी लंडनमधल्या एका हॉटेलात भेट ठरली. डॉइलना पोचायला थोडा उशीर झाला. जॉर्ज वर्तमानपत्र वाचीत बसला होता. कागद डोळ्यांच्या अगदी जवळ, तोही किंचित तिरपा धरलेला. डॉइल दारातूनच ते पाहत राहिले. ज्या माणसाला समोरचा कागद नीट दिसत नाही, तो काळोख्या रात्री रूळ ओलांडून, कुंपणे चुकवून, परक्या रानात जनावर कसे गाठील? खटल्यात ही दृष्टीची बाब पुढे आलीच नव्हती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. गावी जाऊन वाट पाहिली, कागद तपासले, आणि वर्तमानपत्रात लेख लिहिले. ते लेख कोणीही फुकट छापावेत अशी मोकळीक ठेवली, म्हणून ते सर्वदूर गेले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मे 1907 मध्ये जॉर्जला माफी मिळाली. पण समितीने म्हटले काय, तर जनावरे याने मारली नाहीत, तरी काही पत्रे याचीच असावीत, म्हणजे संकट त्याने स्वतःच ओढवून घेतले. भरपाई एक पैसाही नाही! पुढे सनद मात्र परत मिळाली. फौजदारी अपिलाचे न्यायालय इंग्लंडात त्याच साली कायद्याने स्थापन झाले. त्यामागे ज्या प्रकरणांचा रेटा होता, त्यांत हे एक.

डॉइल यांचे एक पाऊल मात्र वाकडे पडले. खरा गुन्हेगार म्हणून त्यांनी गावातल्या एका तरुणाकडे बोट दाखविले. पुरावा मात्र तितका बळकट नव्हता. होम्सच्या गोष्टीत शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडावाच लागतो. लेखकाला ती सवय जडलेली. वर्लीच्या रानात तसे शेवटचे पान नव्हते. एका निरपराध माणसाला संशयातून सोडवायचे आणि दुसऱ्याला अपुऱ्या पुराव्यावर त्याच संशयात लोटायचे, हा विरोध इतक्या चाणाक्ष माणसाच्या ध्यानात येऊ नये?

जूलियन बार्न्स यांनी या प्रकरणावर 2005 साली कादंबरी लिहिली. तीत डॉइल आणि जॉर्ज या दोघांची आयुष्ये आलटूनपालटून सांगितली आहेत. शेवटी टीप देऊन त्यांनी स्पष्ट केले की, पुस्तकातली पत्रे एक वगळता सारी अस्सल आहेत. वाचकाला असा हिशेब देणारे लेखक थोडे. या कुळीतल्या पुष्कळ पुस्तकांत थोर नाव हे नुसते दुकानावरच्या पाटीसारखे असते. आत माल कोणताही.

मराठीत कोणाला असे काम द्यावे? माझ्या डोळ्यांपुढे इतिहासाचार्य राजवाडे येतात. जुन्या घराण्यांची दप्तरे शोधीत हा माणूस गावोगाव हिंडला. वाईस सापडलेल्या कागदांवरून 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला, पुढे असे बावीस खंड झाले. 1910 साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापण्यात ते अग्रेसर होते. बनावट सनद कोणती, अस्सल कोणती, अक्षर कोणाचे, तारीख जुळते का, हा त्यांचा रोजचाच व्यवहार. स्वभाव तापट, बोलणे फटकळ. गुप्तहेराला याहून अधिक काय लागते? माळ्यावरचे मोडीचे रुमाल, त्यांतला एकच गायब, आणि त्यावर ज्याच्या वतनाचा निकाल अडला आहे असा एखादा पाटील. कोणी शिक्षकाने सुटीत बसून ही कादंबरी लिहावयास घेतली, तर आधी राजवाडे कोणत्या साली कोठे होते त्याचे टिपण करावे, आणि मग एखादी कोरी जागा धरावी.