पेंढा भरलेल्या वाघाची साक्ष

जून २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ बाहेर पडला. वनखात्याच्या दप्तरी तो टी१सी१. पुढे लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं. पैनगंगेच्या बाजूने, मध्येच तेलंगणात डोकावून, नांदेड, हिंगोली, वाशीम असं करत डिसेंबरात तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल १,३०० किलोमीटरवर गेली होती. गळ्यातला जीपीएस पट्टा तासातासाला त्याचा ठावठिकाणा कळवत होता. पाच हजारांहून अधिक नोंदी जमल्या. हळद, सोयाबीन आणि तुरीचा हा हिंगोली जिल्हा. इथे व्याघ्रप्रकल्प नाही, पण वाघाला इथून जाता येतं, एवढं त्या नोंदींनी कागदावर आणलं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वाघांचा असा कागद कुठे मिळेल? हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. सहावे निजाम महबूब अली खान यांना वाघाच्या शिकारीचा नाद होता. साहेबाने किंवा दरबाराने मारलेल्या जनावराचं कातडं गावात थोडंच राहणार! शिवाय हिंगोलीत ना राजवाडा, ना राजघराण्याचं संग्रहालय. त्यासाठी कोल्हापूर गाठावं लागतं.

कोल्हापूरचा नवा राजवाडा १८८४ मध्ये बांधून झाला. मेजर चार्ल्स मँट त्याचा वास्तुरचनाकार. आज तिथे शहाजी छत्रपती म्युझियम आहे. चांदीची अंबारी आणि तलवारी मागे टाकून पोरं धावतात ती पेंढा भरलेल्या जनावरांकडे: वाघ, अस्वलं, रानकुत्री. पण बाजूच्या वस्तू जास्त बोलक्या आहेत. बिबट्याच्या मणक्यांची हातातली काठी. वाघाच्या कवटीचं रक्षापात्र. गेंड्याच्या पायाचंही. जंगलाचं सामर्थ्य सिगारेटची राख झाडण्याच्या कामी आणण्याची ही हौस पाहिली, की राजेरजवाड्यांना सरसकट ‘निसर्गरक्षक’ म्हणणाऱ्या भाषणांचा कंटाळा येतो.

तरी दुसरी बाजूही कोल्हापुरातच आहे. महाराजांचं शिकारीचं रान राखलेलं होतं, म्हणून दाजीपूरचे गवे उरले. १९५८ मध्ये तिथे राज्यातलं पहिलं अभयारण्य झालं. १९८५ मध्ये ते वाढून राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं. जयपूरकरांचं रणथंभोर, रीवाचं बांधवगड, म्हैसूरचं बंदीपूर यांचीही हीच कुळकथा. रान राखलं ते बंदुकीसाठी, आणि राखताना आसपासच्या गावांना बाहेर ठेवलं. वाचलं ते मात्र वाचलं.

चित्त्याची गोष्ट वेगळी. कोल्हापुरात चित्तेवान होते. डोळ्यांवर टोपी घातलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. इतिहासकार दिव्यभानुसिंह यांच्या मांडणीनुसार १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे आले, आणि मागवणाऱ्यांत कोल्हापूर पुढे होतं. चित्ता भारतातून संपल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. दरबारांना ते कितीतरी आधी ठाऊक होतं. खरेदीच तशी चालली होती.

माझ्या मते शिकारीच्या दालनांचं खरं मोलही अशा नोंदींतच आहे. पेंढा भरलेला वाघ पाहून मुलाच्या मनात दया उपजते म्हणून वाघ वाचत नाही. वाघ मेला कुठे आणि केव्हा, हे लिहिलेलं असेल तर तो पुरावा ठरतो.

सम्राट मोंडल, मायकेल ब्रुफर्ड आणि उमा रामकृष्णन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने हे दाखवून दिलं. इंग्रजी राजवटीत मारलेल्या, ब्रिटनच्या संग्रहालयांत पडून असलेल्या वाघांच्या नमुन्यांतून त्यांनी डीएनए काढला आणि आजच्या वाघांशी ताडून पाहिला. आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएचे जुन्या वाघांत आढळलेले ९३ टक्के प्रकार आजच्या वाघांत सापडले नाहीत. वाघांचे गट पूर्वीपेक्षा एकमेकांपासून अधिक तुटल्याचंही दिसलं. हे तुटलेपण कमी व्हायचं तर वॉकरसारख्यांना वाट मोकळी हवी, आणि ती वाट हिंगोलीच्या शेतांमधून जाते.

म्हणूनच ठिकाण-तारखेशिवायचं मुंडकं म्हणजे नुसतं फर्निचर. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तिच्या संग्रहात उंदरालाही ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी आहे. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याचं संग्रहालय लोकशिक्षणासाठी उभारलं, तिथे प्राणिविभागही आला. राजघराण्यांच्या शिकारीच्या दालनांना ही शिस्त लावायला अजून उशीर झालेला नाही.

कायदा आड येत नाही, उलट मदत करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार जुनी कातडी-मुंडकी बाळगायला मालकीचा दाखला लागतो. ती विकता येत नाहीत. म्हणजे निदान यादी तरी असते. कसर आणि दमट हवा त्या यादीची वाट पाहत नाहीत, हा भाग वेगळा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून मृत प्राणी जतन करण्याचं केंद्र आहे, तेव्हा जाणकार हात शोधायला दूर जायला नको.

राजघराण्यांच्या दप्तरांत शिकारीच्या रोजनिशा असतील, तर त्या दालनातल्या एकेका जनावराशी जुळवायला हव्यात. हैदराबादच्या कागदांतही हिंगोली, कळमनुरी, औंढा ही नावं शोधायला हवीत. टिपेश्वरच्या आजच्या वाघांचा डीएनए त्यांच्या विष्ठेतूनही काढता येतो. तुलनेला जुना वाघ हवा आहे, आणि तो कुठल्या रानातला, हे सांगणारी एक ओळ.