आधी पट्टा, मग पिशवी

आजकालच्या मोटारीत सुकाणूच्या चाकाच्या मध्यभागी आणि समोरच्या फळीवर ‘एसआरएस’ अशी तीन अक्षरे उमटवलेली असतात. ती रोज डोळ्यांसमोर असतात, पण त्यांचा अर्थ विचारणारे थोडेच. बसलेल्या माणसाला आवरून धरणारी ‘पूरक’ व्यवस्था, असा तो अर्थ आहे. जिला आपण एअरबॅग म्हणतो, ती हवेची पिशवी या अक्षरांमागे घडी घालून ठेवलेली असते. आता पूरक म्हटले की मुख्य वस्तू दुसरी कोणती तरी असली पाहिजे. ती मुख्य वस्तू म्हणजे आपल्या खांद्याशी लोंबणारा, आणि पोलीस दिसला तरच आपण ओढून घेतो तो पट्टा. या एका ‘पूरक’ शब्दाचा उलगडा करणे, एवढाच आमच्या आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

हा विषय आम्ही भामरागडच्या संदर्भात मांडणार आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पट्ट्याची चर्चा मुंबई-पुण्याच्या द्रुतगती मार्गावर शोभते. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमावरच्या या अरण्यप्रदेशात तिचे काय काम, असा प्रश्न पुष्कळदा केला जातो. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाने १९७३ पासून वैद्यकीय सेवेचे मोठे कार्य केले आहे, हे सर्वविश्रुत आहे; परंतु डोक्याला जबर मार बसलेला माणूस मेंदूच्या शल्यवैद्यापर्यंत पोचवायचा, तर गडचिरोली, चंद्रपूर, नाही तर थेट नागपूर गाठावे लागते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे काय होते, ते निराळे सांगायला नको. इलाज जितका दूर, तितकी इजा टाळण्याची किंमत अधिक, हा साधा हिशेब आहे.

प्रथम टक्कर म्हणजे काय ते पाहू. एका अपघातात टकरी तीन होतात. पहिली गाडीची झाडाशी किंवा समोरच्या वाहनाशी. दुसरी माणसाची गाडीशी. कारण गाडी थांबली तरी आत बसलेला माणूस जडत्वाच्या नियमाने पूर्वीच्याच वेगाने पुढे जात असतो. तिसरी शरीराच्या आत. छातीचा पिंजरा थांबतो, पण हृदय, यकृत आणि कवटीतला मेंदू पुढे आदळतात. पहिली टक्कर चुकवणे हे चालकाचे काम. दुसरी आणि तिसरी सौम्य करणे हे पट्ट्याचे आणि पिशवीचे काम.

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला किरकोळ वाटतो. परंतु त्या वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून किंवा मोहाच्या चांगल्या वाढलेल्या झाडाच्या फांदीवरून, खाली पडण्यासारखे आहे. वेग ८० झाला की ती उंची २५ मीटर होते; कारण आघात वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आता मारून टाकतो तो वेग नव्हे. तो वेग किती अंतरात नाहीसा होतो, यावर सारे अवलंबून असते. ६० किलो वजनाचा माणूस पट्ट्याने आसनाशी बांधलेला असेल, तर गाडीचे तोंड चेपत जाते त्या अंतरात तोही गाडीबरोबर थांबतो. हे अंतर ६० सेंटिमीटर धरले, तर त्याच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सोळा पट, म्हणजे जवळजवळ एक टन भार येतो. हा भार मोठा खरा, पण सुदृढ शरीर तो क्षणभर सोसू शकते. पट्टा नसेल तर गाडी आधी थांबते, माणूस मागाहून समोरच्या फळीवर आदळतो आणि पाच-सहा सेंटिमीटरांत थांबतो. तोच भार मग दहा टनांवर जातो. मांडीवरच्या दहा किलोच्या मुलाचे ओझे अशा वेळी दीडशे किलोंहून अधिक होते. आईची माया कितीही बळकट असली, तरी तिचे हात ते ओझे धरू शकत नाहीत.

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा हा तीन टोकांचा पट्टा व्होल्वो कंपनीतील नील्स बोलीन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला, आणि कंपनीने त्याचे एकस्व इतर कारखानदारांनाही मोकळे ठेवले. त्याची खुबी अशी की, आघात बरगड्यांवर आणि कमरेच्या हाडावर, म्हणजे शरीराच्या भक्कम भागांवर वाटला जातो. सावकाश ओढला तर तो सुटतो. हिसका बसला की त्याच्या गुंडाळीतील खटका अडकतो. नव्या गाड्यांत याखेरीज आणखी दोन सोयी असतात. टक्कर होताच एक लहानसा बार उडून पट्टा काही सेंटिमीटर मागे खेचला जातो आणि त्याचा ढिलेपणा जातो. पुढच्याच क्षणी भार फार वाढू लागला, तर आतील एक दांडी पिळवटून पट्टा थोडा सैल सुटतो, म्हणजे छातीच्या फासळ्या वाचतात.

पट्टा असा सैल सुटतो तेव्हा माणूस थोडा पुढे येतो. डोके आणि मान तर पट्ट्याने बांधलेली नसतातच. नेमक्या या जागी पिशवीचे काम सुरू होते. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतल्या पहिल्या पंधरा-वीस भागांत गाडीतील संवेदक टक्कर ओळखतो. एका रासायनिक द्रव्याचा भडका होऊन वायू निर्माण होतो, आणि चाळीस-पन्नास भाग उलटेपर्यंत पिशवी फुगून तयार होते. पापणी लवायला याहून अधिक वेळ लागतो. फुगताच ती पाठीमागच्या भोकांतून रिकामी होऊ लागते. म्हणून डोके तिच्यावर आपटत नाही, तिच्यात रुतत जाते. पट्ट्याने माणूस जागच्या जागी धरायचा आणि पिशवीने त्याचे डोके झेलायचे, अशी ही वाटणी आहे.

यातील पट्टा काढून टाकला तर काय होईल? टकरीपूर्वी चालक करकचून ब्रेक दाबतो. बिनपट्ट्याचा माणूस तेवढ्यातच पुढे घसरतो, आणि ताशी तीनशे किलोमीटरांच्या आसपास वेगाने उसळणारी पिशवी त्याच्या तोंडावर फुटते. झेलणारा हात असा ठोसा होऊन बसतो. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात मंद वेगाच्या अपघातांत पुढच्या पिशवीच्याच तडाख्याने २९० हून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी शेकडा ऐंशीहून अधिक लोकांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता. तेथील वाहतूक-सुरक्षा खात्याचा अंदाज असा की, समोरासमोरच्या टकरीत मृत्यूचा धोका नुसत्या पिशवीने शेकडा ३४, नुसत्या पट्ट्याने शेकडा ५०, आणि दोहोंनी मिळून शेकडा ६१ कमी होतो. पिशवी नसलेल्या जुन्या गाडीतही पट्टा आपले काम करतो. पट्टा न लावलेल्या नव्या गाडीतली पिशवी मात्र निम्मी पांगळी होते.

मागच्या बैठकीवर तर पट्टा हाच सर्वस्व. तेथील माणसाच्या समोर सहसा पिशवी नसते. असली तर बाजूच्या काचेवर असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. गाडी महागडी आणि पिशव्यांनी सज्ज. पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या प्रवाशाने पट्टा लावावा हा नियम पुस्तकात आधीपासून होता. त्याची आठवण सर्वांना त्या दिवशी झाली. पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेली आहे. परंतु आलापल्लीपासून भामरागडपर्यंतच्या रानात दंड करणारा भेटेलच असे नाही. तेथे साग आणि बांबू दुतर्फा उभे असतात, गुरे आडवी येतात. आणि अलीकडे आलापल्लीच्या पट्ट्यात सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड गाड्यांची भर पडली आहे. यांपैकी कोणीही पावती फाडीत नाही.

मग आपण काय करावे? पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर घ्यावा. गरोदर स्त्रीने तो पोटाच्या खालून घ्यावा. खांद्यावरचा भाग काखेखालून घेऊ नये. छाती आणि सुकाणूचे चाक यांत वीतभराहून थोडे अधिक अंतर असावे. पिशवी असलेल्या पुढच्या आसनावर तान्ह्या मुलाची मागे तोंड असलेली खुर्ची कधीही ठेवू नये. समोरच्या फळीवर गणपतीची मूर्ती चिकटवण्यात भक्ती आहे हे खरे, पण पिशवीच्या झाकणावर ती असली, तर पिशवी फुटताच तिचा धोंडा होतो. गाडीच्या तोंडाला लोखंडी गज बसवले की चेपण्याचा क्रम बिघडतो आणि संवेदकाचा अंदाज चुकू शकतो. केंद्र सरकारने २०१७ साली राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास कळवले होते. पट्ट्याच्या गजराचे तोंड बंद करणाऱ्या चिमट्यांची विक्रीही २०२३ साली पाच विक्री-संकेतस्थळांवर बंद करवण्यात आली. गाडीला फसवता येते. जडत्वाला फसवता येत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रवासी जीपच्या मागच्या भागात समोरासमोरच्या बाकांवर दाटीने बसणाऱ्या माणसाला ना पट्टा, ना पिशवी. दुर्गम भागातील पुष्कळांच्या वाट्याला हीच बैठक येते. त्यांना पट्ट्याचा उपदेश करणे म्हणजे अनवाणी माणसाला जोड्याची निगा शिकवण्यासारखे आहे. त्यांच्यासाठी बसच्या फेऱ्या वाढणे, जीपमध्ये माणसे कोंबणे थांबणे आणि चालकाने वेग आवरणे, हेच उपाय आहेत; आणि ते मागण्याचे काम आपणा शहरवासीयांचेही आहे. परंतु ज्याच्या खांद्याशी पट्टा लोंबतो आहे, त्याला कोणतीही सबब नाही. पिशवी आयुष्यात एकदा फुटेल किंवा कधीच फुटणार नाही. ती गाडी विकत घेताना मिळते. पट्टा दर वेळी आपल्या हाताने लावावा लागतो. त्याला लागणारे दोन क्षण दिल्यावाचून गाडी सुरू करू नये, एवढीच आमची विनंती आहे.