जूनमधलं पानिपत, कागद आणि गेरू

जूनमध्ये पानिपतला जलरंगाचा सपाट वॉश द्यायचा असेल तर सकाळी सातच्या आत द्यावा लागतो. नंतर लू सुटते. फळी तिरकी धरायची, पहिला पट्टा ओढायचा, रंगाचा ओघळ खालच्या काठाला जमू द्यायचा आणि दुसरा पट्टा त्यात मिसळायचा, ही आपली शाळेपासूनची रीत. इथे दुसरा पट्टा येईपर्यंत पहिला वाळून त्याची कड धरलेली असते आणि आकाशाला पायऱ्या पडतात. म्हणून इथल्या चित्रकलेच्या वर्गातले सर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून सनमायकाच्या तुकड्यावर चिकटवायला लावतात आणि रंगात ग्लिसरीनचे थेंब टाकतात. कूलरसमोर बसावं तर ओल्या वाऱ्याने कागद फुगतो. मुंबईत जुलैमध्ये हाच वॉश तासभर वाळत नाही आणि कपाटातल्या कागदांना बुरशी धरते. हात तोच, पण हवा बदलली की तो नव्याने शिकवावा लागतो.

हरियाणात शाळांची उन्हाळी सुट्टी जूनभर असते. आपल्याकडे मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायची वेळ येते तेव्हा यांची सुट्टी सुरू होते. त्या महिन्यात आमच्या सेक्टरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये सकाळी चित्रकलेची कार्यशाळा भरते आणि ती मोठ्यांसाठी असते. मुलं आजोळी गेलेली, शिक्षिकांना सुट्टी, त्यामुळे बायका मोकळ्या असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ येतात, गालिच्यांच्या कारखान्यात नक्शे काढणारे एक काका येतात, जवळच्या गावातून बसने एक बाई येतात. सतरंजीवर बसायचं, मधे चहा, ऊन चढलं की घरी.

महाराष्ट्रातून फोन आला की विचारणा दोनच असतात: लढाईचं स्मारक काला आंब पाहिलंस का, आणि लढाईनंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांचे वंशज म्हणवणारे रोड मराठे भेटतात का. दोन्हींचं उत्तर हो. दर १४ जानेवारीला, लढाईच्या दिवशी, इथे महाराष्ट्रातून माणसं येतात, डोळे पुसतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पण १७६१ सालानंतर या गावात काय झालं हे त्यांच्यापैकी कुणी विचारत नाही, याचा आता राग येऊ लागला आहे. फाळणीत इथली कितीतरी विणकर घरं पलीकडे गेली, पलीकडून निर्वासित आले आणि त्यांनी माग लावले. आज तुमच्या घरातली सतरंजी, पायपुसणं, रेल्वेत पांघरलेली घोंगडी यांतलं काही ना काही पानिपतचं असण्याचा संभव मोठा आहे. रंग हा या शहराचा रोजचा धंदा आहे. इथल्या चित्रकलेच्या वर्गाकडे बघायचं तर आधी हे लक्षात घ्यावं लागतं.

नक्शेवाल्या काकांचंच घ्या. आयुष्यभर त्यांनी आलेखाच्या कागदावर चौकोन भरले, एक चौकोन म्हणजे गालिच्याची एक गाठ. मोकळी रेष त्यांना ओढवत नाही, फांदी काढायला सांगितली की हात अडतो. पण रंगाला नजर अशी की विचारू नका. गालिच्याच्या धंद्यात लोकरीचे रंगीत गोंडे क्रमाने लावलेली पेटी असते, तिला पॉम बॉक्स म्हणतात. हजाराहून जास्त छटा त्यात असतात आणि परदेशी गिऱ्हाईक नंबर सांगून रंग मागवतं. काकांच्या डोळ्यांत ती पेटी कायमची बसली आहे. मी एकदा झाडाच्या सावलीत हिरवा आणि त्याच्या शेजारी जरा गार हिरवा असे दोन रंग मोठ्या समाधानाने लावले होते. ते मागे उभे राहून म्हणाले, ‘‘बेटी, दोनों एक ही हैं. आधा शेड भी नहीं हटा.’’ मग माझ्याच ताटलीत निळ्याचं टोक बुडवून त्यांनी फरक करून दाखवला, आणि सावली खरोखर झाडाखाली गेली. इतकी नेमकी दुरुस्ती मला आजवर कुठल्याही चित्रकला शिक्षकाने सांगितली नव्हती.

गावाहून येणाऱ्या बाईंची गोष्ट वेगळी. सरांनी त्यांना कागद, फळी, पेन्सिल दिली. फळी त्यांनी बाजूला ठेवली, कागद जमिनीवर पसरला आणि विचारलं, ‘‘थारे धोरै गेरू कोन्या के?’’ गेरू नव्हता, म्हणून सरांनी इंडियन रेड पिळून दिला. बाईंनी बोटानेच आधी चारी बाजूंनी चौकट घातली, मग आत चेहरा, चांदण्या, सूर्य, चंद्र, मोर. कुठे खोडणं नाही, थांबणं नाही. अर्धा तास कुणी आपल्या कागदाकडे पाहिलं नाही, सगळे त्यांच्याभोवती उभे.

ही सांझी. पितृपक्षाच्या अमावास्येपासून दसऱ्यापर्यंत हरियाणाच्या खेड्यात घराच्या भिंतीवर ती बसते. मुली आणि बायका चिकणमातीच्या चांदण्या, चेहरा, हात-पाय, दागिने करून वाळवतात, खडू आणि गेरूने रंगवतात आणि शेणाने भिंतीवर लावतात. रोज संध्याकाळी शेजारच्या मुली जमून तिची गाणी म्हणतात. दसऱ्याला ती उतरवायची, भोकं पाडलेल्या मडक्यात दिव्यासकट ठेवायची आणि गावच्या जोहडात, म्हणजे तळ्यात, सोडायची. मुलगे काठ्या घेऊन मडकं फोडायला टपलेले असतात, ते पलीकडच्या काठाला लागता कामा नये.

हे ऐकताना मला आपला भोंडला आठवणारच. दिवस साधारण तेच, मुली त्याच वयाच्या, संध्याकाळची गाणीही तशीच, विदर्भात भुलाबाई, खानदेशात गुलाबाई. पण आपण पाटावर हत्ती काढतो आणि त्याच्याभोवती फेर धरून गाऊ लागतो. गाणी आणि खिरापत मोठी झाली, हत्ती तसाच राहिला, आणि आता बऱ्याच ठिकाणी तोही पुठ्ठ्याचा विकत आणतात. इथे चित्र हीच देवी आहे. ते करणाऱ्या बाईला आपल्याला चित्रकला येते की नाही, हा प्रश्नच कधी पडलेला नसतो.

आणि इथे मला आपल्या माणसांशी भांडायचं आहे. मोठ्या वयाच्या मराठी माणसाला चित्र काढायला सांगून पाहा. पंचावन्न वर्षांची बाई सांगते, ‘‘छे, माझी ड्रॉइंग वाईट. इंटरमिजिएटला सी होता.’’ चाळीस वर्षं झाली तरी तो सी पुसलेला नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्राचं भलं केलं, हे मी मनापासून मानते. खेड्यापाड्यांतल्या शाळेत चित्रकलेचा शिक्षक टिकला तो त्यांच्यामुळे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन एवढं शिस्तीत शिकवणारी, सबंध राज्यात रुजलेली अशी परीक्षा मला इथे कुठे दिसत नाही. पण तिचं टोक कुठे गेलं? दहावीच्या गुणपत्रिकेत. ए मिळाला तर सात गुण, बी ला पाच, सी ला तीन. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर.

माझी नाशिकची वहिनी जूनमध्ये आमच्याकडे आली होती, तिला मी वर्गाला नेलं. चित्रकार शिवाजी तुपे यांच्या गावची, गंगेचा, म्हणजे गोदावरीचा, घाट आणि त्याची जलरंगातली चित्रं बघत वाढलेली. तिने आधी विचारलं, शेवटी परीक्षा असते का, प्रमाणपत्र मिळतं का. मग पेन्सिलीला टोक काढलं, मधली उभी रेघ आखली, हात लांब करून पेन्सिलीने माप घेतलं आणि समोरचा मटका काढला. तोंडाची लंबवर्तुळं एकात एक बसलेली, मागची कड पुढच्या कडेपेक्षा किंचित फिकी. वर्ग थक्क झाला. असं बघून काढायला तिथे कुणी शिकवलंच नव्हतं. सरांनी तिलाच सांगितलं, सगळ्यांना दाखवा. तिने मटका डोळ्यांच्या रेषेत उचलून धरला, तोंड सरळ रेघ होतं ते दाखवलं, मग हळूहळू खाली नेला आणि लंबवर्तुळ कसं उघडत जातं ते दाखवलं. गावच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘मटका तो मटका सै, ऊपर तै देख ल्यो चाहे तळै तै.’’ आणि तोंड पूर्ण गोल काढलं.

वहिनी राहिली तोवर रोज आली. तिचा मटका मात्र पेन्सिलीचाच राहिला. रंग लावला तर बिघडेल, म्हणाली. इतका तयार हात आणि त्याला एवढी भीती, हे मला सहन होत नाही. जे. जे. १८५७ सालची, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालची, घाटांवर फळी घेऊन बसणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे झाल्या, आणि आपल्या घरातली चांगली चित्रं काढणारी बाई मे महिन्यात मुलाला शिबिराला सोडून बाहेर दोन तास मोबाइल बघत बसते.

आता पानिपतवरचा रागही सांगितला पाहिजे. इथे समोरचं कुणी बघत नाही. निम्मा वर्ग मोबाइलमध्ये चित्र घेऊन येतो: कृष्णाचा अर्धा चेहरा आणि मोरपीस, डोळे मिटलेला बुद्ध, नाहीतर बाजारातली मंडलाची तयार पेटी. अडलं की सर स्वतः येऊन पूर्ण करून देतात आणि सही विद्यार्थ्याची होते. भिंतीवरच्या चित्रांचंही तेच होत आलं आहे. इथल्या कार्तिकातल्या अहोई अष्टमीला पूर्वी बायका गेरूने भिंतीवर अहोई माता आणि तिची पिल्लं काढत, आता छापील कागद चिकटवतात. आपल्या जिवतीचं असंच झालं, त्यामुळे यांना नावं ठेवायला मला तोंड नाही, पण वाईट वाटतं.

आणि बाहेर बसून काढणं! वाईला मेणवलीच्या घाटावर कुणी फळी मांडली तर गुरंसुद्धा वळसा घालून जातात. इथे एकटी बाई रस्त्याकडेला कागद घेऊन बसली की घोळका जमतो. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून सकाळी काबुली बाग गाठली. बाबराने १५२६ सालच्या विजयानंतर बांधलेली ही मशीद. विटांवर सकाळचं तिरपं ऊन पडतं तेव्हा कमानीच्या आतली सावली जांभळी दिसते. गावात जन्म गेलेल्या आमच्यातल्या दोघीतिघींनी ती आतून प्रथमच पाहिली. पोरांचा घोळका जमलाच. मग शेजारचे एक म्हातारे आले, पोरांना पिटाळलं, घरातून दोन खाटा आणि स्टीलच्या बादलीत लस्सी आणवली आणि आम्ही उठेपर्यंत पहारा देत बसले. आमची चित्रं बघायला त्यांनी मागितली नाहीत. वाईच्या घाटावर एकांत मिळतो, हा पाहुणचार मिळत नाही, आणि मला दोन्ही हवं आहे.

चित्रं बघायला मात्र आम्ही दिल्ली गाठतो. मंडी हाउसजवळच्या त्रिवेणी कला संगममध्ये गेलो तेव्हा नोकरदार, गृहिणी, निवृत्त माणसं कॅनव्हाससमोर उभी होती. या संस्थेची सुरुवात १९५० मध्ये कॅनॉट प्लेसला कॉफी हाउसच्या वरच्या एका खोलीत झाली. सुंदरी श्रीधराणी यांनी ती उभी केली आणि चित्रकला शिकवायला होते बेळगावचे, जे. जे. मध्ये शिकलेले के. एस. कुलकर्णी. विद्यार्थी होते दोन. तिथून ती जोसेफ स्टाइन यांनी बांधलेल्या आजच्या इमारतीत १९६३ मध्ये आली. राजधानीत मोठ्यांच्या चित्रकलेचा वर्ग उभा करणारा माणूस आपला होता, हे पुण्यात किती जणांना ठाऊक आहे?

विणकर सेवा केंद्रांचंही तसंच. पुपुल जयकरांच्या पुढाकाराने पन्नासच्या दशकात ती निघाली आणि चित्रकारांना पगारावर विणकरांशेजारी बसवलं गेलं. आपले प्रभाकर बरवे बनारसच्या केंद्रात होते, अकोल्याचे अंबादासही या कामात होते. पानिपतलाही असं केंद्र आहे. चित्रकार आणि माग एका छताखाली हा विचार इथल्या मातीला नवा नाही.

म्हणूनच एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. कांडल्याच्या बंदरातून जगभरचे टाकलेले लोकरी कपडे पानिपतला येतात. बायका उभ्या पात्यावर त्यांची बटणं आणि चेन कापून काढतात आणि रंगाप्रमाणे ढीग लावतात. लाल वेगळा, विटकरी वेगळा, मरून वेगळा. ढीग नीट लागला तर त्याचं सूत पुन्हा रंगवावं लागत नाही, जुन्या कोटाचाच रंग नव्या घोंगडीत उतरतो. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ (२०१२) या लघुपटात या बायका दिसतात. आमच्या वर्गात त्या दिसत नाहीत. शहरात रंग सगळ्यांत जास्त ज्यांच्या हाताखालून जातो त्यांना सकाळी वर्गाला यायचं तर रोज बुडतो.

त्यांना जमेल असा वार एकच, रविवार. आम्ही कम्युनिटी सेंटरच्या समितीकडे रविवारची दुपार मागितली. उत्तर आलं, रविवारी हॉल लग्नांना आणि जागरणांना लागतो. मग नक्शेवाल्या काकांनी पंचांग उघडलं. देवशयनीपासून देवउठनीपर्यंत, म्हणजे आपल्या आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंत, लग्नं नाहीत. सांझी आणि अहोई याच काळात येतात आणि गेरू बाजारात किलोवर मिळतो. ते रविवार आम्ही लेखी मागितले आहेत, आणि अर्जावर पहिली सही गावच्या बाईंची आहे.