नवे दात बसवण्याआधी चार प्रश्न

मीरा रोड असो की भाईंदर, स्टेशनबाहेर पडलं की दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या दिसतातच. त्यातल्या काहींवर हल्ली हमखास एक वाक्य असतं, ‘एका दिवसात पक्के दात!’ शेजारी हसऱ्या आजी-आजोबांचा फोटो आणि खाली ‘सुलभ हप्त्यांची सोय’. कवळीला कंटाळलेल्या बाईला ते वाचून मोह झाला तर नवल नाही. जेवताना कवळी हलते, चारचौघांत बोलताना निसटते, भाकरी चावत नाही. हे दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक!

आमच्या महिला मंडळातल्या एका काकूंनीही असेच दात बसवले. वय त्रेसष्ट, मधुमेह जुना. मुलाने हौसेने कर्ज काढलं. उरलेसुरले दात काढले, जबड्यात स्क्रू बसवले आणि दोन दिवसांत तोंडभर दात आले. घरात पेढे वाटले. पण खालच्या ओठाची बधिरता काही गेली नाही. चहा हनुवटीवर ओघळला तरी त्यांना कळत नसे. चौथ्या महिन्यात एक स्क्रू हलू लागला, हिरडीतून पू येऊ लागला. तो स्क्रू काढावा लागला आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. मी त्यांच्याबरोबर सरकारी दंत रुग्णालयात गेले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हाडांसाठी कुठली गोळी घेता का?” काकू दर आठवड्याला घेत होत्या. दात बसवताना हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, आज याविषयी थोडं सविस्तर.

इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं. १९६५ साली त्यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. २००६ साली लार्सन वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षं ते टिकले! पुढे १९९० च्या दशकात पोर्तुगालच्या डॉ. पाउलो मालो यांनी चारच स्क्रूंवर पूर्ण जबड्याचे दात बसवण्याची पद्धत रूढ केली. तेव्हा ही विद्या खोटी नाही. नीट तपासून, योग्य माणसाला बसवलेले बहुतेक इम्प्लांट वर्षानुवर्षं टिकतात. गडबड होते ती घाईमुळे आणि न विचारलेल्या प्रश्नांमुळे.

‘एका दिवसात’ मिळतात ते बहुधा तात्पुरते दात. स्क्रू हाडात रुजायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर मऊ भात, खिचडी, उपमा यांवरच भागवायचं. शेंगदाणे, चकली, कडक भाकरी बंद. पक्का संच त्यानंतर. आणि चार स्क्रूंवर बारा-चौदा दातांचा भार असताना एक जरी निकामी झाला, तरी सगळा डोलारा अडचणीत येतो.

खालच्या जबड्यातून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर बधिरता राहते, कधी कायमचीही. भुलीचा असर उतरल्यावरही ओठ जड वाटला, तर ‘होईल बरं’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वरच्या जबड्यात हाड पातळ असेल, तर स्क्रू सायनसच्या पोकळीत शिरू शकतो. म्हणून आधी सीबीसीटी नावाचा स्कॅन हवा. त्यात हाडाची उंची-जाडी आणि नसेची जागा दिसते.

नंतरचं दुखणं आणखी लबाड. स्क्रूला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजते आणि हाड आतल्या आत झिजतं. दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही. ब्रश करताना रक्त येणं ही पहिली खूण. मधुमेह आटोक्यात नसेल, तंबाखू, मशेरी किंवा सिगारेट असेल, पूर्वी पायोरिया झालेला असेल, तर हा धोका वाढतो.

आता बायकांसाठी खास. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात म्हणून अनेकींना आठवड्याची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन दिलं जातं. या औषधांमुळे क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. कॅन्सरसाठी मोठे डोस घेणाऱ्यांना हा धोका बराच जास्त. औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, पण दातांच्या डॉक्टरांना सांगायचं नक्की. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच.

दवाखान्यात सही करण्याआधी हे चार प्रश्न विचारा:

१. माझे हे दात खरंच वाचण्यासारखे नाहीत का? (काढलेला चांगला दात परत येत नाही.)
२. स्कॅन आणि तीन महिन्यांची सरासरी साखर पाहिली का?
३. एकूण खर्च किती? त्यात पक्का संच, पुढची तपासणी आणि स्क्रू निकामी झाला तर दुरुस्ती धरली आहे का? सगळं लेखी द्याल का?
४. दुसरा उपाय कोणता?

चौथा प्रश्न महत्त्वाचा. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खालच्या जबड्यात फक्त दोन स्क्रू आणि त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी, हा पहिला पर्याय असावा. ती काढून धुता येते, खर्चही पुष्कळ कमी. पक्क्या संचाखाली अडकलेलं अन्न रोज बारीक ब्रशने काढावं लागतं. हात थरथरणाऱ्या सासूबाईंचं हे काम शेवटी कुणाच्या गळ्यात पडणार, हेही घरात आधीच बोलून घ्या.

शंका वाटली तर दुसरं मत घ्या. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांग असते, दोन-तीन खेपा होतात, पण विक्रीची घाई नसते. स्कॅन, बिलं, संमतीपत्राची प्रत सांभाळून ठेवा. फसवणूक झालीच तर ग्राहक आयोगात तीच कामी येतात.

आपण दोन हजारांची साडी घेताना चार दुकानं फिरतो. इथे तर लाखांचा प्रश्न आणि जबडा आपला स्वतःचा. मग ‘दोन दिवस विचार करून सांगते’ म्हणायला संकोच कसला?