विसरभोळेपणा आणि अडखळती नाडी

शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल अशा चार दिशांचे रस्ते एकत्र येतात. तिथला सिग्नल बंद पडला आणि जो तो आपली गाडी पुढे दामटू लागला, की रस्त्यावर हालचाल भरपूर दिसते, पण वाहतूक काही पुढे सरकत नाही. उतारवयात काहींच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत असेच घडते. विजेचा इशारा एका ठिकाणाहून शिस्तीत येण्याऐवजी अनेक ठिकाणांहून एकदम येऊ लागतो. कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. नाडीचे ठोके कसेही, कधीही पडतात. या विकाराला एट्रियल फिब्रिलेशन, थोडक्यात ‘एएफ’ म्हणतात.

काहींना छातीत धडधडते, थोडे चालले तरी दम लागतो किंवा थकवा येतो. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही. ‘आता वय झाले’ म्हणून थकव्याकडे दुर्लक्ष होते आणि विकार वर्षानुवर्षे लपून राहतो.

थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त रेंगाळते आणि त्याची गुठळी होऊ शकते. ही गुठळी मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासात एएफ असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ५ पट आढळला. हे डॉक्टरांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. स्मृतिभ्रंशाशी, म्हणजे डिमेन्शियाशी, असलेला संबंध त्यामानाने उशिरा लक्षात आला.

नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासाने १९९७ मध्ये एएफ आणि स्मृतिभ्रंश एकत्र आढळत असल्याचे दाखवले. दक्षिण कोरियात साठी ओलांडलेल्या २ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, पुढे पक्षाघात झालेल्यांना हिशेबातून वगळले तरीही एएफच्या रुग्णांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी जास्त होता. याचा अर्थ शंभरातल्या २७ रुग्णांना स्मृतिभ्रंश होतो असा नाही. एएफ नसलेल्यांना जितका धोका असतो, त्याच्या सव्वापट, एवढाच त्याचा अर्थ.

असे का होत असावे? मोठ्या गुठळीने हातपाय लुळे पडतात, ते लगेच दिसते. पण बारीक गुठळ्या मेंदूचे लहान लहान भाग गुपचूप निकामी करतात. एकेका वेळी काही कळत नाही, पण नुकसान साठत जाते. शिवाय ठोका कमीजास्त झाला की मेंदूला मिळणारे रक्तही कमीजास्त होते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह ही तर दोन्ही विकारांची सामाईक कारणे आहेत. त्यामुळे एएफचा स्वतःचा वाटा किती आणि या जोडीदारांचा किती, हे वेगळे करणे अवघड जाते.

मग गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांनी स्मृती वाचेल का? स्वीडनमधील ४ लाख ४४ हजार रुग्णांच्या नोंदींत अशा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश २९ टक्क्यांनी कमी आढळला. पण गोळ्या नियमित घेणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात. कॅनडातील एका चाचणीत पक्षाघाताचा धोका कमी असलेल्या, सरासरी ५३ वर्षे वयाच्या एएफ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून एका गटाला अशी गोळी दिली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत बौद्धिक क्षमतेच्या बाबतीत तिचा फायदा दिसला नाही. म्हणजे स्मृतीसाठी या गोळ्यांचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा आहे. ज्यांना धोका आहे, त्यांचा पक्षाघात मात्र त्या निश्चित टाळतात.

खरी अडचण घरात येते. ज्याला विसर पडू लागला आहे, तोच गोळी घ्यायला विसरतो. काही वेळा ‘आजोबा पडले तर रक्त थांबणार नाही’ या भीतीने घरचेच गोळी बंद करतात. रक्तस्रावाचा धोका खोटा नाही, पण पक्षाघाताचा धोका बहुधा त्याहून मोठा असतो. हा तोल डॉक्टरांनीच ठरवायचा. अ‍ॅस्पिरिन हा या गोळ्यांना पर्याय नाही. वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर तपासणी चुकवू नये आणि पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेणेही टाळावे. सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे अजूनही दिसतात. त्यांना नव्या गोळ्यांपेक्षा वॉरफेरिनच योग्य ठरते.

पासष्टी ओलांडलेल्यांची नाडी घरीही पाहता येते. पाच मिनिटे शांत बसवून अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवावीत आणि पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. ठोक्यांमधले अंतर सारखे नसेल तर जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा. त्याला काही मिनिटेच लागतात. एएफ येऊन-जाऊन असेल तर एका ईसीजीत सापडत नाही. अशा वेळी डॉक्टर चोवीस तास नोंद घेणारे यंत्र लावतात. घरातले कोणी अलीकडे विसरू लागले असेल, तर रक्तदाब, साखर, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्यांबरोबर नाडीही पाहायला डॉक्टरांना आवर्जून सांगावे.