हवेची तहान

मे महिन्यातली अकोल्याची दुपार. बाहेर 44 अंश, रस्ते ओस. खिडकीतल्या कूलरमधून घरात येणारी हवा मात्र 27 अंशांची. मधे आहे काय? ओल्या ताट्या, एक पंखा, मुठीएवढा पंप आणि टाकीभर पाणी. मग 17 अंश गेले कुठे?

ते पाण्याच्या वाफेत गेले. एक लिटर पाणी उडून जाताना हवेतली सुमारे 24 लाख ज्यूल उष्णता शोषून घेतं. तेवढी उष्णता खोलीबाहेर काढायला एक टनाच्या एसीला साडेअकरा मिनिटं चालावं लागतं! अंगणातला रांजण याच न्यायाने पाणी गार ठेवतो.

पाणी किती उडणार, हे हवेच्या तहानेवर ठरतं. ही तहान मोजता येते. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल, तर पारा 23 च्या आसपास येऊन थांबतो. त्याखाली कूलरची हवा जाऊ शकत नाही. चांगल्या ताट्या 44 ते 23 या उताराचा सुमारे 80 टक्के पल्ला गाठतात, म्हणून 27. ऊन जितकं कोरडं, तितका कूलर जोमदार. वऱ्हाडच्या उन्हावरचा उतारा त्या उन्हातच दडलेला आहे.

म्हणूनच कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी. दमट झालेली हवा बाहेर गेली नाही, तर नव्या हवेला जागा कुठली? आधी पंप लावून ताट्या भिजू द्याव्यात, मग पंखा. खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट: पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि ताट्यांवर पांढरी पुटं चढतात. टाकी अधूनमधून रिकामी करावीच. अर्थिंग तपासावं, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा.

आता तापमान पाहून पंप चालू-बंद करणारे थर्मोस्टॅटही मिळतात. त्यांचा सेन्सर कूलरच्या झोतात किंवा उन्हाच्या भिंतीवर नको. पलंगाच्या उंचीवर, सावलीत हवा. पंप 30 ला सुरू आणि 28 ला बंद, असं दोन अंशांचं अंतर ठेवलं, की तो क्षणाक्षणाला चालू-बंद होत नाही. पहाटे हवा निवली की पंप आपोआप थांबतो, पंखा फिरत राहतो.

मृगाच्या सरी आल्या, अमरावतीत हवा 30 अंशांवर उतरली आणि आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली, की कोरडा पारा 30 आणि चिंधीतला 28. हवेची तहान भागलेली असते. त्या दिवशी ताट्या काढून उन्हात वाळवाव्यात आणि कूलर पुढच्या होळीपर्यंत झाकून ठेवावा.