आधी पाणी पाहा

सावलीहून गडचिरोलीला निघालं की व्याहाड मागे पडतं आणि वैनगंगेचा पूल येतो. दिवाळीनंतर नदी वाळूतून वाट काढत एका अंगाला सरकते आणि काठावरून तळाचे गोटे दिसू लागतात. मागच्या वर्षी त्या पुलाजवळ उभा असतानाच नागपूरहून भाचीचा फोन आला. नोकरीमुळे ती नुकतीच तिकडे राहायला गेली होती.

“मामा, घराजवळ तीन मंडळ्या आहेत. तिन्हींच्याही पाटीवर बाप्टिस्ट लिहिलंय. मी कुठं जाऊ?”

“आधी पाणी पाहा,” मी म्हणालो.

“म्हणजे?”

फोनवर ते सांगून होईना. गेली तीस वर्षं मी जिथं जाईन तिथल्या मंडळीत बसत आलो आहे. खेड्यातल्या कौलारू घरात बसलो, शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसलो, कोळसाखाणीच्या वसाहतीतल्या तेलुगू उपासनेतही बसलो. या सगळ्या फिरण्यातून एक गोष्ट पक्की झाली. बाप्टिस्ट मंडळी पाण्याशी, म्हणजे बाप्तिस्म्याशी, कशी वागते ते नीट पाहिलं, की तिचं बाकीचं वागणं बरंचसं कळतं. भाचीला ते सविस्तर सांगायचं राहिलं होतं, ते इथं सांगतो.

आधी बाप्टिस्टांचा इतिहास थोडक्यात. १६०९मध्ये ॲमस्टरडॅममध्ये आसऱ्याला राहिलेल्या इंग्रज माणसांनी जॉन स्मिथच्या पुढाकारानं, समजत्या वयात विश्वास कबूल केलेल्यांची मंडळी उभारली. त्यांच्यातलाच थॉमस हेल्विस १६१२च्या सुमारास इंग्लंडला परतला आणि माणसाच्या विवेकावर राजाची सत्ता चालत नाही असं लिहून तुरुंगात गेला. पुढं विसाव्या शतकात अमेरिकेतल्या उत्तरेकडच्या बाप्टिस्टांमध्ये पवित्र शास्त्राच्या अधिकारावरून फूट पडली. शास्त्र पूर्ण विश्वसनीय मानणाऱ्यांनी १९४३मध्ये स्वतःची परदेशी मिशन संस्था काढली आणि १९४७मध्ये मंडळ्यांचा संघ केला. ‘कॉन्झर्व्हेटिव्ह बाप्टिस्ट’ हे नाव तिथून आलं. दुसरं महायुद्ध संपता संपता त्या संस्थेची माणसं आपल्या विदर्भात आली. अचलपूर आणि मेळघाटात कोरकूंमध्ये काम करणाऱ्या जुन्या मिशनचं काम त्यांनी हाती घेतलं. परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचं कुष्ठरोग रुग्णालय त्याच परंपरेशी जोडलेलं आहे.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. महाराष्ट्रात बाप्टिस्ट इतके थोडे का, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दोन जहाजांत सापडतं.

१८१२च्या फेब्रुवारीत पाच तरुण मिशनरी अमेरिकेहून हिंदुस्थानाकडे निघाले. ‘कॅरव्हान’ जहाजावर अडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल होते, ‘हार्मनी’वर गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस. पाचही जण काँग्रिगेशनल मंडळीचे, म्हणजे तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देणाऱ्या परंपरेतले. बंगालमध्ये आपली गाठ विल्यम केरीच्या बाप्टिस्टांशी पडणार, तेव्हा उत्तर तयार असावं, म्हणून जडसन वाटेत नव्या कराराचं मूळ ग्रीक उघडून बसला. चार महिन्यांचा प्रवास होता. वाचता वाचता उत्तर तयार होण्याऐवजी त्याचं स्वतःचंच मत डळमळलं. कलकत्त्याला उतरल्यावर त्यानं पुन्हा अभ्यास केला आणि सप्टेंबरमध्ये पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला. ज्या संस्थेच्या पैशावर तो आला होता तिला कळवलं की आता तुमचा पगार घेणं मला योग्य नाही. मागोमाग राइसही पाण्यात उतरला.

तिथून वाटा फुटल्या. जडसन ब्रह्मदेशात गेला आणि त्यानं संपूर्ण बायबल ब्रह्मी भाषेत आणलं. राइस अमेरिकेला परतून तिथल्या बाप्टिस्टांना एकत्र करू लागला. हॉल आणि नॉट मात्र आपल्या जुन्या मतावर राहिले आणि १८१३मध्ये मुंबईला पोहोचले. त्यांनी सुरू केलेल्या कामाला पुढं अमेरिकन मराठी मिशन हे नाव पडलं. अहमदनगरचं काम त्यातलंच, १८४२मध्ये निघालेलं ‘ज्ञानोदय’ही त्यातलंच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला तो याच मिशनच्या मंडळीत. मराठी ख्रिस्ती साहित्याचा केवढा मोठा प्रवाह ‘हार्मनी’वरून उतरला! जडसनसारखाच ग्रीक ग्रंथ हॉलनं आपल्या जहाजावर उघडला असता तर आपल्याकडच्या मंडळ्यांचं रूप काय झालं असतं, याचा विचार मी अनेकदा करतो. हॉल १८२६मध्ये नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीनं गेला. बाप्तिस्म्याबद्दल माझं मत त्याच्याहून वेगळं आहे, तरी त्या माणसाबद्दल मला अपार आदर वाटतो.

बाप्टिस्टांचा मराठीशी संबंध मात्र हॉलच्याही आधीचा, आणि त्यात आपल्या नागपूरचा वाटा आहे. श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या डॅनिश वसाहतीत, केरीनं १८०५मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, १८१०मध्ये मोडी अक्षरांतला कोश काढला आणि १८११मध्ये नवा करार. या कामात त्याचे पंडित होते नागपूरकडचे वैजनाथ शर्मा. मराठी छपाईच्या पहाटे एक इंग्रज बाप्टिस्ट चांभार आणि एक वऱ्हाड-नागपूरकडचा शास्त्री शेजारी बसले होते, ही गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

याच श्रीरामपूरला २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल नावाचा सुतार हुगळीत उतरला. हात निखळला म्हणून तो मिशनच्या डॉक्टरकडे आला होता. त्याच दिवशी केरीच्या थोरल्या मुलानं, फेलिक्सनंही बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्याचा मुलगा आणि बंगाली सुतार एका पाण्यात, एका कबुलीवर. बापाच्या धर्मामुळं पोराला सवलत नाही आणि सुताराला वेगळी पायरी नाही. बाप्टिस्ट विचाराचं सार याहून सोपं मला सांगता येणार नाही.

‘बाप्तिस्मा’ हा शब्दसुद्धा साधा नाही. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणं. केरीच्या परंपरेतल्या बाप्टिस्टांनी बंगालीत तसाच, बुडवण्याच्या अर्थाचा शब्द घातला. इतर पंथांना तो चालेना आणि लंडनच्या बायबल सोसायटीनं त्या भाषांतराला मदत नाकारली. शेवटी १८४०मध्ये बाप्टिस्टांनी स्वतःची भाषांतर संस्था काढली. मराठीत ग्रीक शब्दच राहिला, त्यामुळं प्रत्येक पंथ त्यात आपला अर्थ वाचू शकतो. म्हणूनच शब्दावर थांबून चालत नाही, मंडळी प्रत्यक्षात काय करते ते पाहावं लागतं.

काय पाहायचं, ते आता सांगतो. पहिली गोष्ट, पाण्याआधी किती वेळ जातो. एका मंडळीत (नाव सांगत नाही) मी एका दुपारी अकरा जणांचा बाप्तिस्मा पाहिला. आदल्या आठवड्यात आलेली माणसं होती. फोटो निघाले, जेवण झालं. सहा महिन्यांनी पुन्हा गेलो तर त्या अकरांपैकी कुणाचंच नाव तिथं कुणाला सांगता येईना. मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही. धान रोवायच्या आधी बांधीत चिखल करावाच लागतो. चांगला पाळक नव्या माणसाला काही महिने शिकवतो, घरच्यांशी बोलतो, साक्ष ऐकतो, आणि प्रसंगी ‘थांब, अजून वेळ घे’ असंही म्हणतो.

दुसरी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो. पाणी आणि धान्य एका हातात असू नये. तेलुगू मुलुखात ओंगोलला जॉन क्लफ नावाचा अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी होता. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळात त्यानं बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचं कंत्राट घेऊन हजारो भुकेल्यांना काम दिलं. लोक बाप्तिस्मा मागू लागले. मदतीचं काम चालू असेपर्यंत त्यानं तो दिला नाही. भाकरीसाठी कुणी पाण्यात उतरू नये, ही त्याची काळजी होती. मदत थांबल्यावरही माणसं येतच राहिली, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. लोक तो आकडा सांगतात. मला त्याआधीचे नकाराचे महिने मोठे वाटतात. तुमच्या समोरच्या मंडळीत बाप्तिस्म्याबरोबर शिष्यवृत्ती, औषध किंवा नोकरीची गोष्ट निघत असेल, तर चप्पल घालून बाहेर या.

तिसरी गोष्ट, पाण्यानंतर काय? बाप्टिस्ट मंडळीत बाप्तिस्मा झालेला माणूस सभासद होतो आणि सभासदाला मत असतं. वरून बिशप नाही. पाळक निवडणं, काढणं, हिशेब मंजूर करणं हे मंडळीचं काम. म्हणून रविवारच्या उपासनेपेक्षा सभासदांच्या सभेला बसायला मिळालं तर बसा. एका खेड्यातल्या अशा सभेत रोवणीच्या मजुरीवर जगणाऱ्या एका आजींनी उभं राहून विचारलं होतं, “मंडपाचे पैसे किती झाले, अन् उरले ते कुठं हायेत?” खजिनदारानं वही उघडून पावत्या वाचून दाखवल्या. पाळक शांत बसून ऐकत होते. त्या दिवशी मला त्या मंडळीची तब्येत कळली. जिथं असा प्रश्न विचारणाऱ्याला ‘अविश्वासू’ म्हणतात, तिथं पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ती बाप्टिस्ट रीत नव्हे.

वचनाची परीक्षाही याच ओळीत येते. कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवणाऱ्या मंडळीत उपदेश शास्त्राच्या उताऱ्यातून निघाला पाहिजे. उतारा वाचून बाजूला ठेवायचा आणि तासभर चमत्कारांच्या, पैशाच्या नाहीतर शत्रूंच्या गोष्टी सांगायच्या, हे खूप चालतं. झाडीपट्टीतला माणूस पत्रिका वाचून नाटक ठरवत नाही, रात्रभर बसून ठरवतो. तसेच चार रविवार सलग बसा. चौथ्या रविवारी घरी येताना आजचा उतारा कोणता होता आणि त्यात काय आहे हे तुम्हाला सांगता आलं, तर तिथं शिकवण आहे. मंडळीचं लेखी विश्वासपत्रक मागा. स्त्रियांनी पाळक व्हावं का, यावर या परंपरेतल्या बहुतेक मंडळ्या ‘नाही’ म्हणतात. ते मान्य असो वा नसो, आधी विचारा. स्त्रियांना शिकवू देतात का, सभेत बोलू देतात का, मत देऊ देतात का, हेही विचारा.

काही गोष्टी कागदाच्या. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडं नोंदणी आहे का, विश्वस्त बदलले तर तसा बदल अर्ज जातो का, दरवर्षी हिशेब तपासला जातो का? लग्नाच्या वयाची मुलं घरात असतील तर आणखी एक प्रश्न विचारा. १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणं स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला लग्न लावण्यासाठी शासनाचा परवाना लागतो. तो नसेल तर पुढं दाखल्यासाठी पोरांची वणवण होते. आणि कबरस्तान कुठलं? आमच्या जंगलपट्टीत लहान मंडळ्यांना हा प्रश्न फार छळतो. दुःखाच्या दिवशी तो विचारायची वेळ येऊ नये.

दुसऱ्या पंथांबद्दल मंडळी कसं बोलते, तेही ऐका. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा उत्तर भारतातल्या काही बाप्टिस्टांनीही तीत प्रवेश केला. लेकरांचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती तिथं मान्य झाल्या. अनेक बाप्टिस्ट मात्र बाहेर राहिले. मी बाहेर राहिलेल्यांच्या बाजूचा आहे. तरी दुसऱ्याच्या विवेकासाठी तुरुंगात गेलेल्या हेल्विसचं नाव घेणाऱ्या मंडळीनं शेजारच्या चर्चची, देवळाची किंवा विहाराची टवाळी करू नये. तशी टवाळी ऐकू आली की मी त्या मंडळीत पुन्हा जात नाही.

भाचीला हे सगळं हळूहळू कळवलं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला. पहिल्या मंडळीत तिला त्याच रविवारी पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला सांगितलं. दुसरीत तिला कुणी काहीच विचारलं नाही, फक्त दानाचं पाकीट दिलं. तिसऱ्या मंडळीतले पाळक म्हणाले, “ताई, तुम्ही येत राहा. पण सभासद व्हायचं असेल तर तुमच्या आधीच्या मंडळीचं पत्र आणा. तुम्हाला आम्ही ओळखत नाही, ते ओळखतात.”

मी त्याच संध्याकाळी आमच्या लहानशा मंडळीची जुनी नोंदवही काढली. तिच्या नावापुढं तारीख होती, आणि ठिकाणाच्या रकान्यात त्या वेळच्या पाळकांनी शाईच्या पेनानं लिहिलं होतं: वैनगंगा. रविवारी सभासदांसमोर पत्र वाचलं, सगळ्यांनी हात वर केले, आणि सोमवारच्या टपालानं मी ते नागपूरला पाठवलं.